बाई, तुमचा अर्धा राहिलेला धडा

बाई, परवा दुपारी तुमचा आवाज माझ्या कपाटातून बोलला आणि मी कपाटाचं दार धाडकन लावून टाकलं.

कपाट म्हणजे इथलं, मस्कतच्या हॉटेलच्या कामगार-खोल्यांतलं माझं लोखंडी कपाट. खोलीभर एसीची घरघर असते. बारीक ऐकायचं काम असलं की मी छोटा स्पीकर कपड्यांच्या मध्ये ठेवतो आणि डोकं आत घालून ऐकतो. तिथून तुम्ही म्हणालात, "आता मुलाला आपल्याबरोबर घ्या. हळूहळू. एकेक पायरी." स्वच्छ, ठाम, कुठेही न अडखळता. तुम्हाला जाऊन आठवडा झाला होता. आणि हे वाक्य तुम्ही कधी बोललाच नव्हता. शब्द माझे होते. आवाज मशीनने तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवला होता.

हे आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलोय. तुमच्या वर्गातले सगळे मिळून तुमच्यावर एक पुस्तिका काढतायत. तुमचा वर्ग आता सांभाळणाऱ्या मृणालने कळवलंय, प्रत्येकाने लिहायचं. बाकीचे शिक्षक आहेत, ते तुमचा जन्म, तुमची गुरुपरंपरा, तुमचं कार्य असं रीतसर लिहितील. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. माझ्याकडून निबंध होत नाही. तुमच्याशी बोलता तेवढं येतं. पुस्तिका निघेल तेव्हा निघेल. शोकसभा मात्र या रविवारी आहे, शिरोड्यात, आपल्याच हॉलमध्ये, आणि तिथे तुमचा शेवटचा धडा पडद्यावर दाखवायचा ठरलाय. तो धडा माझ्याकडे आहे. अर्धा आहे. तो पुरा करून पाठवायचा की तसाच, हे मला आज ठरवायचंय, आणि मला भीती वाटतेय.

तुम्ही वेंगुर्ल्याच्या आमच्या दुकानात पहिल्यांदा आलात, तेव्हाही अशीच भीती वाटली होती. लग्नाचे व्हिडिओ करून देणारं दुकान ते. मी आत बसून कोणाच्या तरी हळदीचे तुकडे जोडत होतो. मास्तर-बाई असं कोणी दिसलं की मी तेव्हा रस्ता बदलायचो. तुम्ही तर थेट आत आलात, स्टुलावर बसलात, छत्री माझ्या वायरींवर ठेवलीत.

"कितवीत सोडलंस शाळा?"

"नववीत."

"कित्याक?"

"गणित."

"माझापण गणित कच्चाच आसा. ताल सोडून माका काय मोजूक येणा नाय." मग तुम्ही मालकांकडे वळलात. "ह्या झिलाक माका शनिवारी-रविवारी देशात काय? माझ्या शिक्षकांका रेकॉर्डिंग शिकवूचा आसा."

मालक हसले. मी हसलो नाही. मी म्हटलं, "बाई, माका मास्तर लोकांची भीती वाटता."

"बरा झाला. तेंका तुझी वाटतली. तेंच्या हातात फोन आसा, पण तो खंयसून आयकता ता तेंका ठावक नाय."

आणि त्या शनिवारी हॉलमध्ये तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हे उमेश. हे आपल्याला आवाज पकडायला शिकवतील." हॉलमध्ये शिरलात की तुमची भाषा बदलायची, ते मला ठाऊक होतं, सगळ्यांचीच बदलते. पण 'हे'? मला तोवर कोणी 'हे' म्हटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, दुसरा कोणी उमेश आलाय का म्हणून.

तुमच्या वर्गात यायचे ते बहुतेक प्राथमिक शाळांचे शिक्षक. शाळेत संगीत शिकवायचं असं कागदावर असतं, आणि शिकवणाऱ्याला स्वतःला सा कुठे लागतो ते माहीत नसतं. तुम्ही त्यांच्यापुढे पेटी नाही ठेवलीत. पहिल्याच दिवशी गृहपाठ दिलात: घरातला एक आवाज फोनमध्ये धरून आणा. पुढच्या शनिवारी एकामागून एक फोन माझ्या स्पीकरला लावले आणि एकामागून एक समुद्र वाजला. कोणाचा सकाळचा, कोणाचा भरतीचा. सगळ्यांनी समुद्रच आणला होता.

तुम्ही चष्मा काढलात. "समुद्र बाहेर ठेवून या. तो तुम्ही ऐकत नाही, तो आहे असं धरून चालता."

कुणकेश्वरचे गुरुजी उठले. त्यांचं घर समुद्रकाठच्या देवळाच्या मागेच. "बाई, आमच्याकडे दुसरं काय ऐकू येणार?"

"का? घरात कोणी बोलत नाही?"

"बायल बोलता. पण ता रेकॉर्ड करूक दिणा नाय."

हॉल हसला, तुम्हीही. पुढच्या वेळी ते गुरुजी आडाळीवर नारळ खवतानाचा आवाज घेऊन आले. खर्र-खर्र-खर्र, थांब, खर्र-खर्र-खर्र, थांब. आणि मध्येच बाईमाणसाचा आवाज, "बंद कर तो फोन! शिरा पडली तुझ्या फोनार!" मी ते शेवटचं कापायला गेलो, तर तुम्ही माझा हात धरलात. त्या शिवीपर्यंत किती मात्रा झाल्या ते तुम्ही सगळ्यांना टाळ्यांवर मोजायला लावलंत. ती शिवी बरोब्बर समेवर पडत होती. गुरुजींनी तो तुकडा शाळेत नेला, आणि त्यांच्या पोरांना ताल कळला तो त्या शिवीमुळे. रेडीच्या मास्तरांनी खनिजाचा ट्रक मागे घेताना वाजणारा भोंगा आणला होता. त्यांच्या शाळेतली मुलं म्हणे त्याच्यावर सा लावायची. ट्रक आला नाही त्या दिवशी प्रार्थना बेसूर, असं ते मास्तर शपथेवर सांगायचे.

मी हे सगळं हसत आठवतोय, पण मला त्यातलाच एक दिवस तुमच्यापुढे पुन्हा मांडायचाय. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

वर्गाच्या शेवटी तुम्ही डबलबारी लावायचात. आपल्याकडे भजनात दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात, टोमणे मारतात, तशा शिक्षकांच्या दोन बाऱ्या. एका बारीने आपल्या शाळेत केलेल्या शिकवण्याचा व्हिडिओ दाखवायचा, दुसरीने त्यातली खोट शोधून गाऊन उत्तर द्यायचं. त्या वर्षी मृणाल नवीन होती. शिरोड्याच्याच शाळेत नुकती लागलेली, बोलताना ओढणीचं टोक पिळणारी. तिच्या व्हिडिओत तिसरीतली एक मुलगी होती, जी कुठलंही गाणं एकाच खालच्या सुरात म्हणायची. मृणाल तिला सांगत होती, "वर घे, अजून वर घे." मुलगी घाबरून आणखी खाली जात होती. मग मृणालच गप्प झाली. कॅमेऱ्याकडे बघत राहिली. पुढे काय करायचं ते तिला सुचेना, आणि ते सुचत नाहीये हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते बघवत नव्हतं, म्हणून मी तेवढं कापलं.

तुम्ही डबलबारीच्या आदल्या दिवशी बघितलंत. "ह्या मधला खंय गेला?"

"कापलंय."

"परत घाल."

"बाई, लोक हसतले तिका."

"हसूं देत. तू लग्नाचे व्हिडिओ करतंस रे, म्हणान तुका सगळा गोड लागता. माझो वर्ग म्हणजे लगीन नाय. जंय ती अडाकली, थंयच सगळ्यांका शिकूचा आसा."

मी परत घातलं. तुमच्या शब्दापुढे मी कधी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या बारीने तोच तुकडा धरला. पेटीवाल्याने सूर दिला आणि सगळे झांजा वाजवत म्हणायला लागले, "वर घे गो बाय, वर घे! माडार चढ गो, वर घे!" लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मृणाल उठली आणि चप्पल न घालता बाहेर गेली. पुढचे कित्येक शनिवार ती आलीच नाही.

तुम्ही तिच्या घरी गेलात, तिला परत आणलंत. काय बोललात ते तिने मला कधी सांगितलं नाही, तुम्हीही नाही. मग त्या मुलीलाच तुम्ही वर्गात बोलावलंत, तिच्या शेजारी खाली बसलात आणि काही न बोलता आधी तिच्याच त्या खालच्या सुरात तिच्याबरोबर गायलात. तिला बरं वाटेपर्यंत तिथेच राहिलात. मग अर्धी पायरी वर गेलात, तर ती मागून आली. तेव्हापासून ही तुमची शिकवण झाली: मूल ज्या सुरात आहे, तिथे आधी मास्तराने जायचं. तुम्ही म्हणायचात, बघ, ते कापलं असतंस तर हे सापडलं असतं का? मी म्हणायचो, सापडलं असतं. दार लावून, आपण तिघांनीच बघून सापडलं असतं. तुम्ही मान हलवायचात. मला अजून तसंच वाटतं, बाई. मृणाल तुमचा उजवा हात झाली, वर्ग सांभाळायला लागली. पण सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हटलं की अजून तिचा घसा बसतो, आणि तो का बसतो ते मला ठाऊक आहे.

इकडे मस्कतला मी आलो तेही तुमच्यामुळे. तुमच्या एका विद्यार्थिनीच्या नवऱ्याने हॉटेलात शब्द टाकला. इथल्या हॉलचे माईक, स्पीकर, पडदे मी बघतो. सभा सुरू होण्याआधी प्रत्येक माईक मी पुन्हा पुन्हा तपासतो. बरोबरचे हसतात, म्हणतात, याला एवढी कसली भीती? भीती आहेच. पण पगार येतो, आईचं औषध वेळेवर होतं. दर फोनला तुम्ही विचारायचात, सतरा नंबरचा फॉर्म भरलास का, बाहेरून दहावी दे. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तुम्ही म्हणायचात, "तुझा पुढचा वर्स गणपतीसारख्या आसा, दरवर्साक येता आणि जाता." तुमचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. फोनवर कसे मानायचे? मध्येच रेंज जायची, आणि पुन्हा जोडून तेवढ्यासाठी फोन करायला लाज वाटायची.

मग गेल्या वर्षी तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि वाचा. मृणालने व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून तोंड उघडत होता आणि शब्द येत नव्हता. मी बावळटासारखा "ऐकू येतंय, बाई, ऐकू येतंय" म्हणत होतो. काही येतच नव्हतं. तेव्हा मृणालने एक गोष्ट केली, ती मला आयुष्यभर आठवेल. तिने गाऊन विचारलं, साध्या दोन सुरांत, "बाई, पाणी व्हया?" आणि तुम्ही गाऊन म्हणालात, "व्हया."

तिथून वाचा थोडी थोडी परत आली. पण आली ती फक्त मालवणी. वर्गातली तुमची ती धुतल्यासारखी मराठी कुठे गेली कोण जाणे. ती पुन्हा आलीच नाही. आणि अशा अवस्थेत तुम्ही हट्ट धरलात की शिक्षकांसाठीचे धडे व्हिडिओत पुरे करायचे. मृणाल फोन धरायची, मी इथे जोडायचो. तुमचे भाऊ नाना कुरकुरायचे, "शिक्षकांका शिकवताना मालवणी? लोक काय म्हणतले?" तुम्ही डाव्या हाताने त्यांना गप्प बसायची खूण करायचात.

शेवटचा धडा तोच, मुलाच्या सुरात जाण्याचा. तोवर तुम्ही तो नेहमी करून दाखवायचात, शब्दांत पहिल्यांदाच सांगत होता. मी तो आता इतक्या वेळा बघितलाय की डोळे मिटले तरी दिसतो. खिडकीकडे तुमची खुर्ची. "आयकतात मां? पोर खाल्ती गाता. तेका बेसूर म्हणू नकात. ता खंय आसा... थंय आधी तुम्ही जावा. थंय... बसा तेच्या वांगडा. आणि मगे..." इथे तुमचा डावा हात उचलला जातो. तोंड उघडं. शब्द येत नाही. बाहेर कावळा ओरडतो. मृणालचा आवाज येतो, "बाई?" आणि फोन खाली होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा मी इथल्या हॉलमध्ये शिडीवर होतो. विमान मिळून पोचलो असतो तेव्हा सगळं झालेलं असतं. मी खाली उतरलो आणि उगीच सगळ्या माईकच्या वायरी गुंडाळत बसलो.

मग नानांचा फोन आला. "उमेश, रविवारी शिक्षण खात्यातले येतले, गावातले येतले. माझ्या भयणीक अशी तोंड उघडा ठेवून दाखवू नको. हात जोडतंय तुका." म्हातारा माणूस रडत होता. 

त्याच दिवशी मृणालचा. "तुझ्याकडे बाईंचो सगळो आवाज आसा मां? आता मशीन करता म्हणे. तू पुढचा बनव. थंय बाई थांबले की सगळे माझ्याकडे बघतले. माका ता पुढचा बोलूक जमाचा नाय. तू बघितलंस मां माका. तुका ठावक आसा."

मला ठाऊक होतं, म्हणूनच मी बनवलं. खोटं कशाला सांगू, बनवताना मला आनंद होत होता. इतक्या वर्षांच्या वर्गांचं रेकॉर्डिंग मशीनला दिलं, पुढची वाक्यं मी लिहिली, आणि तुम्ही बोललात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दार लावलं ते भीतीने. मग पुन्हा उघडलं ते हावेने. पुन्हा पुन्हा ऐकलं. नानांचं समाधान होईल, मृणाल वाचेल, तुम्ही दिमाखात दिसाल. सगळ्यांचं भलं.

आणि मग मला अवदसा आठवली. तुम्ही फोन उचलला की पहिलं काय विचारायचात, तेच मी लिहिलं: "उमेश, जेवलंस?" मशीनने ते म्हटलं. तुमच्याच आवाजात, पण बातम्या दिल्यासारखं. त्याला तुमचा वर्गातला आवाज तेवढा माहीत. घरातला तुमचा आवाज मी कधी रेकॉर्ड केलाच नव्हता, तो मला नुसता मिळत होता. कपाटातली ती बाई माझं नाव घेत होती आणि मी जेवलो की नाही याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

त्यानंतर मी तो जोडलेला धडा बघितला तेव्हा मला काय दिसलं माहितीये? खिडकीपाशी तुम्ही बसलाय, एकेक शब्द ओढून आणताय, आणि "आणि मगे..." म्हणताय तोवर दुसरी कोणी ठणठणीत बाई येते आणि तुम्हाला खुर्चीवरून बाजूला सारून उरलेलं घडाघडा सांगून टाकते. तुम्ही वर्गात वाक्य संपलं की समोर कोणाच्या तरी तोंडाकडे बघत थांबायचात, कळलं का ते बघायला. ती बाईही थांबते, मोजून. पण ती कोणासाठी थांबत नाही.

तरीही ठरत नाहीये, बाई. तुमचं पटलं म्हणून चूक तशीच दाखवायची, एवढं ते सोपं नाही. तुमच्या त्या हट्टाची किंमत एकदा मृणालने भरलीय. रविवारी पडद्यावर तुम्ही थांबणार, हॉल गप्प होणार आणि सगळ्या माना तिच्याकडे वळणार. ती पुन्हा चप्पल न घालता बाहेर गेली तर? या वेळी तिला आणायला तिच्या घरी कोण जाणार? तुमचा वर्ग तिथेच संपेल.

आज शुक्रवार, मला सुट्टी. इथवर लिहिलं आणि शाळेच्या मधल्या सुट्टीच्या हिशेबाने मी तिला फोन लावला. मागे पोरांचा गलका.

"झाला?" तिने विचारलं.

"झाला. पण मी पाठवचंय नाय."

"मस्करी करू नको रे. परवा सभा आसा."

"मस्करी नाय. बाईंचो धडो थांबता थंयच थांबतलो."

"आणि पुढचा कोण सांगतलो?"

"तू."

 तिने मला सोलूनच काढलं. "तेवां तू माझा ता कापलेलंस, माका ठावक आसा. बाईंनी सांगल्यानी माका. मी म्हटलंय, एक तरी माणूस आसा ज्येका माझी कीव इली. आणि आता तूच माका सगळ्यांच्या पुढे ढकलतंस? थंय मस्कतात बसान?"

"मृणाल, तुका पुढचा येता."

"येणा नाय! बाई करून दाखवीत, तेवां सगळा कळा. बोलूक गेलंय की काय उराणा नाय. पोर खंय आसा थंय आधी जावा, बरा. आणि मगे? मगे काय? तू लिवलंस मां मशीनसाठी, सांग. काय लिवलंस?"

मी लिहिलेलं आठवायला गेलो आणि मला एक शब्द आठवेना. घाबरलो की माझं असंच होतं, नववीपासूनचं. म्हटलं, निदान बाई मुलाबरोबर म्हणायच्या ती ओळ तरी म्हणून दाखवू, त्यावरून तिला सुचेल. आणि बाई, मी गायलो. तुमच्या वर्गात इतकी वर्षं वायरी धरल्या, पण तोंड कधी उघडलं नव्हतं. खोलीत कोणी नव्हतं म्हणून उघडलं. काय तो आवाज! विहिरीत पडलेल्या घागरीसारखा, खाली, खरखरीत, एका जागी रुतलेला.

मला वाटलं, हसेल. मृणाल हसली नाही. क्षणभर ऐकत राहिली. मग माझ्याच त्या घागरीच्या सुरात, तितकंच खाली येऊन, माझ्याबरोबर तीच ओळ म्हणायला लागली. पहिल्यांदा म्हटली, पुन्हा म्हटली. मी थांबलो तर ती थांबायची, मी धरलं की धरायची. माझा घसा सैल झाला. कधी तरी ओळ जरा वर सरकली होती आणि मी तिच्याबरोबर गेलो होतो, कसा ते कळलंही नाही. मग आणखी जरा. एका ठिकाणी माझा सूर घसरला. ती पटकन खाली आली, मी जिथे पडलो होतो तिथे, आणि तिथूनच पुन्हा उचललं. मागचा पोरांचा गलका हळूहळू कमी झाला. बहुतेक जवळची पोरं ऐकत असावीत.

घंटा झाली. "माझो तास आसा," ती म्हणाली. आवाज अजून चिडलेलाच होता. "तुका काय आठवणा नाय, तू माका काय सांगतलंस? पाठव तसोच. बघतंय मी." आणि फोन ठेवला.

तिने आत्ता काय केलं, ते तिच्या लक्षात आलं नाहीये. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती विचार करायला लागेल आणि घसा बसेल. तुम्हाला सांगतोय. पुस्तिका निघेल तोवर रविवार होऊन गेलेला असेल, तेव्हा तीही वाचू दे.

बनवलेला आवाज मी पुसला. त्यात माझं नाव होतं, म्हणून बोट जरा अडलं. नानांना फोन करून स्पष्ट सांगितलं की धडा जसा आहे तसाच येतोय.  त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटाक ती दिसता तरी बरी मां?" मी म्हटलं, "नाना, हात वर केलेलो आसा बाईंनी. कोणाक तरी उठ म्हणून सांगतत, असा वाटता." ते "बघूया" म्हणाले. मला खरंच तसं वाटतं, का मी नुसतीच त्यांची समजूत घातली, हे मला सांगता येणार नाही.

रविवारी मी इथे कामावर असेन.  मृणाल उठेल की नाही, मला माहीत नाही. उठली आणि अडकली तर लोक हसतीलही. तुम्ही म्हणाला असता, हसूं देत. मी अजून तसं म्हणू शकत नाही, बाई. मी आपला घाबरत राहणार.

व्हिडिओ गेला. "आणि मगे..." आणि तुमचा हात, तिथपर्यंत. त्याच्यापुढे मी काही जोडलेलं नाही, आणि फोन खाली होण्याआधी मृणाल "बाई?" म्हणते, तेही ठेवलंय.